टॉवरच्या पत्र्याची टिपणं

मारुती ८०० चं बॉनेट उघडलं की मागच्या बाजूला, काचेच्या अलीकडे, पत्र्याचे दोन उंचवटे दिसतात. माथ्यावर नट, मधे रबराची टोपी. दर रविवारी ऑइल-पाणी बघणारी माणसंसुद्धा त्यांच्याकडे बघत नाहीत. फार तर पाना ठेवायला त्यांचा उपयोग करतात. हे स्ट्रट टॉवर. चाकावर आलेला भार स्प्रिंगमधून वर चढतो तो इथे, आणि इथूनच गाडीच्या अंगात पसरतो. खाली एप्रनचा, म्हणजे चाकाच्या आतल्या भिंतीचा, जेमतेम मिलिमीटरभर जाड पत्रा, माथ्यावर जरा जाड थाळी, आणि दोघांना धरून ठेवणारे स्पॉट वेल्डचे ठिपके.

*

हैदराबादेत नवी ८०० मिळणं एप्रिल २०१० मध्ये थांबलं. त्या महिन्यापासून देशातल्या तेरा शहरांत भारत स्टेज चारचा नियम लागू झाला. त्या यादीत आपलं शहर होतं, आणि ८०० चं इंजिन त्या मापात बसवायचं नाही असं कंपनीनं ठरवलं होतं. बाकीच्या गावांसाठी गाडी जानेवारी २०१४ पर्यंत निघत राहिली. त्यामुळे काचीगुड्याच्या गल्लीत, सुलतान बाजारच्या मागे, एखाद्या जुन्या मराठी घराच्या फाटकात एपी ०९ पाटीची ८०० दिसली की तिचं वय पंधराच्या पुढचं धरावं. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्या वेळी मालक टायर नवे घालतो, रंग मारतो, सीटकव्हर बदलतो. टॉवरवर मात्र नव्या रंगाचा आणखी एक थर चढतो आणि भेग असलीच तर ती त्याखाली जाते.

*

ही रचना मुळात स्वस्त, छोट्या गाडीसाठीच निघाली. अर्ल मॅकफर्सन जनरल मोटर्समध्ये शेव्हरोले कॅडेट नावाच्या गाडीवर काम करत होता. दुसरं महायुद्ध संपलं होतं. हजार डॉलरच्या आत विकता येईल अशी हलकी गाडी करायची होती. १९४७ मध्ये कंपनीनं तो बेत गुंडाळला, मॅकफर्सन फोर्डकडे गेला आणि त्याचा स्ट्रट आधी इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सुल आणि झेफरला लागला. ज्या छोट्या गाडीसाठी तो आखला ती कधी विकलीच गेली नाही. पुढे जगातल्या बहुतेक छोट्या गाड्या मात्र त्याच्यावर उभ्या राहिल्या.

युक्ती अशी, की शॉकअब्सॉर्बर, स्प्रिंगची बैठक आणि वरचा आर्म ही तीन कामं एकाच नळीनं करायची. वरचा आर्म गेला, त्याचे बुश गेले, इंजिन आडवं बसवायला जागा झाली, वजन आणि पैसा वाचला. पण आर्मवाल्या गाडीत जो रेटा चाकाजवळच, खाली, जाड मेंबरमध्ये जायचा तो आता दोन फूट वर चढून पत्र्याला भेटू लागला.

प्रीमियर पद्मिनीला पुढे दुहेरी आर्म आणि कॉइल स्प्रिंग होत्या, अॅम्बॅसेडरला टॉर्शन बार. त्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकांची पिढी गाडी आवाज करायला लागली की खाली शिरायची: बुश, पिन, आर्म, ग्रीस. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली ८०० रस्त्यावर आली आणि दुखणं वर सरकलं. खाली शिरायची सवय मात्र बराच काळ राहिली.

*

हैदराबाद खडकावर वसलंय. बंजारा हिल्स, जुबिली हिल्सकडे अजून ग्रॅनाइटचे गोटे घरांच्या मधे उभे आहेत. अशा जमिनीवरचा रस्ता खचत नाही. तो केबलसाठी, नळासाठी, गटारासाठी खोदला जातो आणि वरवर भरला जातो. मग पहिल्या पावसात भराव निघून जातो. उरलेल्या खड्ड्याला काठ असतो आणि काठ कडक असतो. चाक त्यात पडतं आणि काठावर आदळतं. धक्का छोटा, तीक्ष्ण, एका बाजूलाच.

सोलापूरच्या रस्त्याचं तसं नाही. संगारेड्डी, जहीराबाद, हुमनाबाद मागे पडलं, उमरगा जवळ आलं की काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर नीट पाया न घातलेला रस्ता लाटा धरतो. तिथे गाडी आदळत नाही, डुलते. दोन्ही टॉवर एकदम दाबले जातात आणि एकदम सुटतात, मैलोन्‌मैल. आम्हा हैदराबादच्या मराठी लोकांतली निम्मी घरं लातूर, नांदेड, उमरगा, सोलापूरशी बांधलेली. लग्न, बारसं, गणपती, शेताची वाटणी. पुढे तिघं, मागे चौघं आणि डिकीत तांदळाचं पोतं असा प्रवास या गाड्यांनी वर्षानुवर्षं केला आहे. शहरातला काठ आणि गावाकडची लाट, दोन्ही एकाच पत्र्यानं सोसलं.

*

गतिरोधकाचं इंडियन रोड्स काँग्रेसचं माप १९८८ पासून छापील आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, ताशी २५ किलोमीटरनं आरामात ओलांडता यावा असा १७ मीटर त्रिज्येचा गोलावा. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी जो आहे तो उंचीला या मापापेक्षा जास्त आणि रुंदीला माझ्या दोन पावलांएवढा. कुणीतरी उरलेल्या काँक्रीटमधून, चांगल्या हेतूनं घातलेला.

*

टॉवरला फक्त खालून वर धक्का बसतो हा समज अर्धा खरा. चाक जमिनीला टेकतं ती जागा स्ट्रटच्या वरच्या टोकापेक्षा बाहेर असते. जमीन चाकाला वर ढकलते, टॉवर स्ट्रटला खाली दाबतो, आणि या दोन रेट्यांमध्ये दहा-पंधरा सेंटिमीटरचं आडवं अंतर. त्यामुळे स्ट्रटचं डोकं सतत इंजिनाकडे कलू बघतं; टॉवर त्याला अडवतो. छोट्या गाडीची ढोबळ मापं घेऊन कागदावर मांडलं तर हा आडवा रेटा उभ्या भाराच्या पावपट निघतो.

८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यातलं साठ टक्के पुढे. माणसं बसल्यावर पुढच्या एका चाकावर २२५ किलो धरू. खड्ड्याच्या धक्क्यासाठी उभ्या भाराची तिप्पट धरायची, ही गाडी आखणाऱ्यांची जुनी रीत. म्हणजे ६७५ किलो वर आणि जवळपास १७० किलो आत. एका वेळी. मग पुढचा खड्डा.

म्हणून जुन्या गाडीचे टॉवर बाहेर पसरलेले क्वचित दिसतात. ते आत कललेले असतात. कॅम्बर बिघडतो, चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेनं खाल्ले जातात. अलाइनमेंटवाला टो, म्हणजे चाकांची पुढून आत-बाहेर वळलेली दिशा, जुळवून देतो, कारण बऱ्याच छोट्या गाड्यांत त्याला तेवढंच हलवता येतं. थोड्या महिन्यांनी टायर पुन्हा आतून गुळगुळीत. दोष टायरच्या कंपनीला.

*

मलकपेटला एक डेंटर आहेत, जुन्या गाड्यांचं काम तेच करतात. त्यांच्याकडे गाडी नेली की आधी चहा येतो आणि मग गाडीकडे पाठ करून गप्पा सुरू होतात. मी टॉवर वेल्ड करायचं बोलायला लागलो तर हात वर करून म्हणाले, "वेल्डिंग की बात नक्को करो साब. पयले नापके देखो."

मोजायची त्यांची पद्धत साधी. गाडी सपाट फरशीवर, चाकांवर उभी. जॅकवर मोजलेलं माप खोटं, कारण चाकं लटकली की टॉवरवरचा भारच निघून जातो. मग एका टॉवरच्या नटापासून दुसऱ्या टॉवरच्या त्याच नटापर्यंतचं अंतर. मग तिरकी मापं: डाव्या टॉवरपासून उजव्या पुढच्या कोपऱ्यातल्या मूळ भोकापर्यंत, आणि उलट. दोन तिरक्या मापांत फरक आला तर एकच बाजू गेली आहे. सारखी आली आणि टॉवरमधलं अंतर मात्र कमी, तर दोन्ही. तुलनेला कारखान्याच्या मापाचा कागद नसला तर त्याच वर्षाची, न आदळलेली दुसरी गाडी बघायची. त्यांच्याकडे अशी एक उभी असते. तिचं इंजिन कधीच विकून झालंय, सांगाडा मापासाठी ठेवलाय.

माथ्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवायची. पट्टीखालून उजेड दिसला, मधला भाग वर आलेला असला, तर थाळी फुगली आहे. हे बीएमडब्ल्यूच्या ई ४६ गाड्यांतही इतकं होतं, की त्यांच्यासाठी माथ्यावर बसणाऱ्या पोलादी थाळ्या तयार मिळतात. महागड्या गाडीचा पत्रा खड्ड्याला वेगळं वागत नाही.

*

भेग शोधायची जुनी रीत अजून चालते. सांध्यावरचं सीलर खरवडायचं, तारेच्या ब्रशनं रंग काढायचा, रॉकेल लावून थोडा वेळ ठेवायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड. भेग असली तर आत राहिलेलं रॉकेल पुडीवर ओली रेघ काढतं. रॉकेल आता मिळत नाही, डिझेल चालतं.

रेघ बहुतेक वेळा स्पॉट वेल्डच्या ठिपक्याभोवती निघते. एक मिलिमीटर पत्र्याला ठिपका साधारण पाच मिलिमीटर व्यासाचा. अशा तीन-चार हजार ठिपक्यांनी छोटी गाडी शिवलेली असते. ठिपका स्वतः सहसा सुटत नाही. त्याच्या कडेचा पत्रा थकतो. एक सुटला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर, मग ते. वरून रंग शाबूत, आतून सांधा मोकळा. सकाळी गाडी काढताना टिक असा आवाज येतो आणि मालक शॉकप बदलून घेतो.

*

गंजाच्या बाबतीत आपण मुंबईपेक्षा नशीबवान. कोरडी हवा, समुद्र लांब. कोकणातून आलेली आणि इथेच वाढलेली अशा दोन ८०० शेजारी उभ्या केल्या तर टॉवर बघूनच ओळखता येतील. पण दोन जागा आपल्याकडेही सडतात. एक, वायपरखालच्या जाळीत लिंबाची पानं साठून पाण्याची वाट बंद झाली की टॉवरची मागची कड. दुसरी, बॅटरीच्या बाजूचा एप्रन. आम्लाची वाफ रंग सोडवते.

आणि १३ ऑक्टोबर २०२० ची रात्र. त्या पावसात शहरात गाड्या वाहत गेलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. त्यातल्या पुष्कळ धुऊन, वाळवून पुन्हा बाजारात आल्या. सीट बदलता येतात, कार्पेट बदलता येतं. एप्रनच्या बंद पोकळीतला मुसी नदीचा गाळ कोणी काढत नाही. जुनी गाडी घेताना टॉवरच्या बुडाशी असलेल्या भोकातून तार घालून फिरवावी. माती लागली तर किंमत नाही, बेतच बदलावा.

*

भाचा म्हणतो, "मामा, एवढं कशाला? राणीगंजला बार मिळतो. दोन टॉवरच्या मधे टाकायचा, चार नट आवळायचे. गाडी वळणावर रुळावरून गेल्यासारखी जाते."

त्याला बॉनेटच्या खालची मोकळी जागा दाखवली. झाकण काढलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे कोपरे दाबले की खोका तिरका होतो, तशी ही जागा. बॉनेट नुसतं वर टेकलेलं. ते काही धरत नाही. इथे आडवा बार टाकला तर काय होतं? दोन टॉवरांमधलं अंतर बदलायचं थांबतं, एवढंच. अंतर बदलतं खड्ड्यात, लाटेवर, दोन्ही डोकी आत येतात तेव्हा. वळणावर रस्ता दोन्ही चाकांना एकाच दिशेला रेटतो, आणि दोन्ही टॉवर त्या रेट्यानं एकाच बाजूला सरकू बघतात. बार त्यांच्याबरोबर सरकतो. जास्त भार आलेल्या टॉवरचा थोडा वाटा दुसऱ्याकडे देतो, यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. ते सरकणं अडवायचं तर तिसरा पाय इंजिनामागच्या भिंतीला, फायरवॉलला, नेऊन त्रिकोण करायला हवा.

गंमत अशी, की बार विकला जातो वेगवान वळणांसाठी आणि त्याचा खरा उपयोग सैदाबादच्या रस्त्यावर ताशी तीसनं जाणाऱ्या म्हाताऱ्या गाडीला. भाच्याला हे पटलं नाही. त्याला बार लाल रंगाचा हवा होता.

*

बारची परीक्षा हातात घेतल्यावर होते. सरळ आहे का? एअर क्लीनर चुकवायला मधे वाकवलेला बार म्हणजे स्प्रिंगच. दाबला की आणखी वाकतो. टोकाचं ब्रॅकेट किती जाड, आणि ते माथ्यावर पूर्ण बसतं की एका कडेवर? ब्रॅकेट नटाखाली गेल्यावर नटाचे सगळे आटे धरतात का? दोन-तीन आट्यांवर लटकलेला नट स्ट्रट धरून ठेवतो आहे हे कळल्यावर झोप लागू नये. टोकाला फिरता सांधा असला तर बिघडत नाही, ओढ आणि दाब तो नेतो. पण सैल असला तर खुळखुळ्याशिवाय काही नाही.

आवळायचा तोही गाडी चाकांवर असताना.

*

फोर्डनं साठच्या दशकात मस्टँग परदेशी पाठवताना फायरवॉलपासून दोन्ही टॉवरांना जाणारा दाबलेल्या पत्र्याचा एकसंध कंस लावला. नावच एक्स्पोर्ट ब्रेस. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला दोन सुटे पातळ दांडे, आणि खराब रस्त्यांच्या देशांना हा त्रिकोण. मस्टँगला मॅकफर्सन स्ट्रट नव्हता, पण स्प्रिंग टॉवरमध्येच बसायची, त्यामुळे दुखणं तेच. पुढे शेल्बीच्या शर्यतीच्या गाड्यांनी हाच कंस घेतला. खड्ड्यांच्या गिऱ्हाइकासाठी केलेली वस्तू शर्यतवाल्यांना आवडली. भाच्याला हे सांगितलं तेव्हा मात्र त्यानं कान दिला.

*

शर्यतींच्या जागतिक संघटनेचा ग्रुप एन गाड्यांचा नियम डेंटरच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. सांगाडा मजबूत करायला मुभा, पण जोडलेला पत्रा मूळ पत्र्याच्या आकाराबरोबर गेला पाहिजे. जाडीची कमाल मर्यादा पोलादाला ४ मिलिमीटर, अॅल्युमिनियमला १२. नियम कुणी जादा हुशारी करू नये म्हणून केलेला असेल, पण घरगुती दुरुस्तीलाही तोच बरोबर आहे. आकार सोडून उभी केलेली जाड पट्टी स्वतः तुटत नाही, शेजारचा पत्रा फाडते.

४ मिलिमीटर रॅलीसाठी. आपल्या गाडीला दोनच पुष्कळ, किंबहुना दोनच हवा.

*

आमच्या ८०० चं काम कसं झालं ते क्रमानं लिहून ठेवतो, पुढच्याला उपयोगी पडेल.

इंजिन काढलं नाही. एअर क्लीनर, बॅटरी आणि वायरिंगचा जुडगा बाजूला केला. स्ट्रट दोन्ही बाजूंचे खाली उतरवले. आत कललेले टॉवर आधी जागेवर आणायचे, मग वेल्डिंग. उलट केलं तर वाकडेपणा कायमचा पक्का होतो. दोन टॉवरांच्या मधे हायड्रॉलिक जॅक आडवा लावून, टोकांना लाकडाचे ठोकळे देऊन हळूहळू रेटलं. पत्रा परत येतो, म्हणून मापापेक्षा किंचित पुढे न्यावा लागतो. किती, ते मलकपेटच्या त्या डेंटर उस्तादांच्या हाताला माहीत. आच दिली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "गरम करे तो पत्रा रोटी हो जाता."

मग सांधे. स्पॉट वेल्डच्या ओळीवर सीओटूनं इंचाएवढे टाके, मधे तेवढीच जागा सोडून. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे थांबून. सलग शिवण ओढली तर पत्रा आखडतो आणि सगळी मोजमापं पुन्हा. गॅसवाल्याकडे हे काम नेऊ नये; त्याच्या ज्योतीची आच वीतभर पसरते आणि तेवढा पत्रा मऊ पडतो. टाके ग्राइंडरनं घासून गुळगुळीत करायचा मोह टाळला. दिसायला बरं, पण घासताना जोडच पातळ होतो.

माथ्यावर दोन मिलिमीटरची थाळी, आकाराला ठोकून, खाली भिंतींवर तीन बोटं उतरवून. इथे बहुतेकांचं चुकतं. थाळी माथ्याच्या कडेलाच संपवली तर भेग नेमकी त्या कडेवर येते. खाली उतरवायची, कोपरे गोल ठेवायचे आणि शेवटची कड सरळ न ठेवता नागमोडी कापायची, म्हणजे ताण एका रेघेत साठत नाही. मधे भोकं पाडून ती वेल्डनं भरली. जोडाच्या आत, दोन पत्र्यांच्या मधे, वेल्डिंग झेलणारा झिंक प्रायमर आधीच मारला होता. शेवटी सीलर, रंग, आणि पोकळीत मेण. लांबी, म्हणजे पुट्टी, कुठेही भरली नाही. टॉवरवर लांबी भरलेली दिसली की समजावं, कुणीतरी काहीतरी लपवतंय.

*

मेहुणे उमरग्याहून फोनवर: "आमच्या इंडिकाचंही करून द्या की." इंडिका १९९८ च्या डिसेंबरात पिंपरीहून आली, आणि पुढची कित्येक वर्षं हायटेक सिटीच्या रात्रपाळ्या तिनंच वाहिल्या. १४०५ सीसीचं लोखंडी डिझेल इंजिन पुढच्या चाकांवर. ८०० पेक्षा पुढचा भार कितीतरी जास्त, पत्राही त्या मानानं दणकट. तिला टॉवरआधी खालचे बुश बघावेत, असं सांगितलं. बघितले असतील असं वाटत नाही.

*

नव्या छोट्या गाड्यांना हे काही करू नये. त्यांच्यात जागोजागी उच्च ताकदीचं पोलाद असतं आणि वेल्डिंगची आच लागली की त्याच जागची ताकद उतरते. पुढचा भाग टक्करीत कसा चुरडावा हे आखलेलं असतं; एअरबॅगचा सेन्सर त्या चुरडण्याच्या वेळेवर बेतलेला असतो. मधेच एक ताठ थाळी बसवली तर त्या हिशेबाचं काय होईल हे गल्लीतला कोणी सांगू शकत नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या आदळून पाहिल्या आणि पाचही शून्य ताऱ्यांच्या निघाल्या. त्यानंतर बरंच सुधारलं; २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप सुरू झालं. सुधारलेलं बिघडवायला ग्राइंडर घेऊन जाऊ नये.

८०० ला ना एअरबॅग, ना असला हिशेब. तिच्यात आपण फार तर कारखान्यानं दिलं होतं ते परत आणतो.

*

कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, नोंदणीपत्रातला तपशील मूळ उत्पादकानं दिलेल्याशी जुळेनासा होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. फाटलेला पत्रा जोडणं ही दुरुस्ती. नटांवर बसणारा बार माझ्या मते त्याच्या काठावर. टॉवर कापून नवी जागा करणं सरळ सरळ पलीकडे. बऱ्याच गाड्यांत चेसिस नंबर फायरवॉलवर किंवा टॉवरशेजारी ठोकलेला असतो. त्या अंकांजवळ ग्राइंडर फिरला तर पुढचं स्पष्टीकरण डेंटरला नाही, मालकाला द्यावं लागतं. म्हणून काम सुरू करायच्या आधी त्या जागेचा फोटो काढून ठेवला.

*

११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेन सागराच्या काठी फॉर्म्युला ई ची शर्यत झाली. २.८३ किलोमीटरचा रस्ता, झाँ-एरिक व्हेर्न जिंकला. त्या आधी नेकलेस रोडवर जे डांबर पडलं ते बघायला आम्ही मुद्दाम गाडी घेऊन गेलो होतो. ८०० एवढी शांत चाललेली मी कधी ऐकली नव्हती. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली.

*

वेल्डिंगनंतरचं अलाइनमेंट: कॅम्बर डावा-उजवा सारखा, स्टीअरिंग सरळ, टिक आवाज नाही. खडखड आहे, पण ती दारांची.

जिथे पत्रा ताठ केला त्याच्या पुढचा सांधा आता बघायचा. एप्रन खालच्या लांब मेंबरला जिथे मिळतो आणि जिथे फायरवॉलला चिकटतो, त्या दोन्ही जागी उस्तादांनी रंग खरवडून पांढरा ठिपका दिलाय. पांढऱ्यावर भेग लवकर दिसते. भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो.

*

भाच्यानं अखेर बार आणलाच. राणीगंजचा महाग पडला म्हणून जुमेरात बाजारातून, जुना, कुठल्यातरी ८०० वरून उतरवलेला. लाल रंग आहे. कारखान्याचा माल नव्हे. कुणा गॅरेजवाल्यानं गाडीच्या अंगावर मापून वेल्ड केलेला, टोकं पक्की.

आमच्या गाडीवर ठेवून पाहिला तर पाच-सहा मिलिमीटर कमी पडतो. टॉवर आता मूळ मापावर आहेत, म्हणजे ज्या गाडीवर हा बार घडवला तिचे टॉवर आत आलेले असताना कुणीतरी तो बसवला होता. वाकडेपणा त्यानं थांबवला असेल, तिथल्या तिथे.

"भोकं फाइल मारून लांबवू का, मामा?"

नको म्हटलं. लांबवलेल्या भोकात नट आवळला तरी धक्क्याला बार सरकेल, आणि ढिला ठेवला तर त्याचं कामच नाही. बार मधोमध कापायचा, आतून घट्ट बसणारी नळी घालायची, गाडी फरशीवर चाकांवर उभी करून जागच्या जागी टाके मारायचे आणि मग काढून पूर्ण वेल्ड करायचा. शनिवारी मलकपेटला जातोय. लाल रंग तेवढा जळेल.